उडी मारणारेच मरणावर हसतात, मग मी हसलो तर काय चुकलं?

प्रश्न अंधेरीतल्या एका ऑफिसात काम करणाऱ्या तरुणाचा आहे. थोडक्यात असा: ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी परदेशातल्या एका स्कायडायव्हिंग अपघाताचा व्हिडिओ टाकला. त्यात माणूस गेला होता. त्याखाली यांनी लिहिलं, ‘पठ्ठ्या ढगातून निघाला आणि ढगातच गेला.’ हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. थोड्या वेळाने एक सहकारी काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी कळलं, तिचा चुलतभाऊ तीन वर्षांपूर्वी अशाच एका उडीत गेला. यांना मनापासून वाईट वाटलं आहे, पण एक गाठ सुटत नाही. नंतर शोधलं तर खुद्द स्कायडायव्हर मंडळी आपापसात याहून भयानक विनोद करताना सापडली. त्यांना चालतं ते मला का नाही? आणि आता तिच्याशी बोलायचं तरी काय?

मी 21 वर्षं उड्या मारते आहे. परदेशात शिकले, तिथेच इन्स्ट्रक्टर झाले. वर्षातले काही महिने तिकडे असते, बाकी पार्ल्यात. या वर्षांत माझ्या ओळखीतली सहा माणसं या खेळात गेली. त्यातला एक अगदी जवळचा होता. तेव्हा हे उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी तुम्हाला जे सापडलं ते खरं आहे हे सांगते. आम्ही हसतो, आणि वाईट हसतो. जमिनीवर आपटून मरण्याला आमच्यात ‘बाउन्स होणं’ म्हणतात. कुणी गेलं की निरोपाला ‘ब्लू स्काइज, ब्लॅक डेथ’ म्हणतात, म्हणजे आकाश निळं आणि मरण काळं, आणि मग बिअर उघडतात. जो गेला त्याची राख मित्र विमानातून नेऊन फ्री-फॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीच्या पडण्यात, सोडतात, ती वाऱ्याने उलटून सगळ्यांच्या तोंडावर येते, आणि त्यावरही संध्याकाळभर विनोद चालतात. बाहेरच्या माणसासाठी शब्दच वेगळा आहे, ‘वफो’. धडधाकट विमानातून उडी कशाला मारता, असं विचारणारा तो वफो. तुमच्यासारख्या माणसाने हे सगळं वाचलं तर त्याला वाटणारच की या लोकांना मेलेल्याचं सोयरसुतक नाही.

पण हे विनोद नीट बघा. आमच्या पाठीवर दोन पॅराशूट असतात, नेहमीचं ते मेन आणि अडचणीसाठी राखीव ते रिझर्व्ह. सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त सांगितला जाणारा असा: ‘मेन पॅराशूट नीट उघडलं नाही तर रिझर्व्ह उघडायला किती वेळ मिळतो?’ ‘उरलेलं सगळं आयुष्य.’

मी हा विनोद दर बॅचला पहिल्या दिवशी सांगते. पोरं हसतात. मग मी फळ्यावर हिशेब मांडते. पोटावर आडवं पडताना वेग ताशी 190 ते 200 किलोमीटर असतो. म्हणजे 1,000 फूट साधारण साडेपाच सेकंदांत संपतात. 13,000 फुटांवरून निघालात तर मिनिटभरापेक्षा थोडा कमी फ्री-फॉल. 2,500 फुटांवर डोक्यावर काहीच उघडलेलं नसेल तर जमीन 14 सेकंदांवर आहे. ‘उरलेलं आयुष्य’ म्हणजे हे 14 सेकंद. एवढ्यात मेन सोडून द्यायचं, म्हणजे कटअवे करायचं, आणि रिझर्व्हचं हँडल ओढायचं. विचार करत बसायला वेळ नाही, हाताला ते आधीच माहीत असलं पाहिजे. हिशेब पोरं विसरतात, विनोद विसरत नाहीत. पुढे कधी वर गडबड झालीच तर आठवतो तो विनोद. माझ्या एका विद्यार्थिनीने पहिल्या कटअवेनंतर खाली आल्यावर पहिलं वाक्य उच्चारलं ते हेच होतं, थरथरत, ‘उरलेलं सगळं आयुष्य.’

या विनोदात मेलेलं कुणी नाही. त्यात ऐकणारा स्वतः आहे, आणि तो अजून जिवंत आहे.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण घेते, कारण तिथे खरं काय ते कळतं. 1988 साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात एक कॅमेरामन विमानातून पॅराशूट न घालताच उडी मारून गेला. शिकाऊ मुलाचं आणि त्याच्या इन्स्ट्रक्टरचं चित्रण करायचं त्याचं काम. या घटनेवर जगभर विनोद झाले, अजून होतात. ‘सगळं घेतलं, तेवढं पॅराशूट राहिलं.’ आपल्याकडे डबा विसरून ट्रेन पकडतात तसा. विनोद इतका आयता आहे की कुणालाही सुचेल.

पण तो नवशिका नव्हता. 800 हून अधिक उड्या होत्या त्याच्या. त्या काळातला व्हिडिओ कॅमेरा म्हणजे हेल्मेटवर कॅमेरा आणि रेकॉर्डरचं जड धूड वेगळं अंगावर. खांद्यांवर ओझं आहे, पट्टे आवळलेले आहेत, शरीर म्हणतं, झालं सगळं घालून. लक्ष पूर्णपणे समोरच्या शिकाऊ मुलावर. विमानातल्या दुसऱ्या कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही. म्हणजे चूक एका डोक्यात झाली, पण ती पकडण्याची संधी विमानातल्या प्रत्येक डोळ्याला होती आणि ती हुकली.

मी इन्स्ट्रक्टरचं प्रशिक्षण घेत होते तेव्हा या घटनेवर आम्ही अख्खी दुपार घालवली होती. त्यातून जी सवय लागली ती आजही आहे. गिअर तीनदा तपासायचं: अंगावर चढवण्याआधी, विमानात बसण्याआधी, आणि दार उघडण्याआधी. तिसऱ्यांदा दुसऱ्याकडून. शेजारी 5,000 उड्यांचा बाप माणूस बसलेला असला तरी त्याची पिन, म्हणजे पाठीवरचं पॅराशूट बंद धरून ठेवणारी खीळ, मी बघते, माझी तो बघतो. मागे वळून फ्लॅप उचलायचा, पिन पूर्ण आत आहे का, ती ज्यात अडकते तो दोरीचा लूप झिजलाय का, फ्लॅप बंद, पाठीवर थाप. दोन सेकंदांचं काम. ती थाप पडली की मला दर वेळी नॉर्थ कॅरोलायनाचा तो माणूस आठवतो. त्याचं नाव मला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

म्हणून मला त्या विनोदाचा राग येतो, पण विनोद क्रूर आहे म्हणून नाही. राग येतो कारण तो खोटा आहे. ‘विसरला, बावळट’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मी बावळट नाही, माझं असं होणार नाही. हसून तो मोकळा होतो. आणि माझ्या धंद्यात अशा मोकळ्या झालेल्या माणसाच्या शेजारी बसून मला विमानातून जायचं असतं.

माझ्यापुरता मेलेल्याचा मान इथून सुरू होतो. तो कसा गेला हे नीट जाणून घेणं. फुलं, दोन मिनिटं शांतता, सगळं ठीक आहे, ते मागाहून.

आमच्या खेळात ही रीतच आहे. अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या ‘पॅराशूटिस्ट’ मासिकात अपघातांचे अहवाल छापून येतात. वय, किती वर्षं खेळात, किती उड्या, काय घडलं, कुठे वाट चुकली, पुढच्याने काय करावं. नाव नसतं. सगळे आधी तेच पान उघडतात. मरणाची वाचायची गोडी असते म्हणून नव्हे, पुढच्या शनिवारी आपल्यालाही जायचं असतं म्हणून. आकडे सांगते. 1970 च्या दशकात अमेरिकेत वर्षाला सरासरी 40 च्या वर माणसं या खेळात मरायची. 2023 मध्ये 10 गेली, आणि उड्या झाल्या साडेछत्तीस लाखांच्या आसपास. पॅराशूट सुधारली, शिकवणं सुधारलं. 1991 मध्ये जर्मनीत सायप्रेस नावाचं छोटं यंत्र निघालं. माणूस बेशुद्ध असला किंवा गोंधळला आणि साधारण 750 फुटांपर्यंत त्याच जोरात पडत राहिला, तर ते रिझर्व्ह आपोआप उघडतं. या प्रत्येक सुधारणेच्या मागे कुणीतरी मेलेलं आहे आणि कुणीतरी बसून ते मरण ओळीओळीने वाचलेलं आहे.

काळ्या विनोदाची भाषा मी मात्र ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, शिकले नाही. ती घरात ऐकली. माझे मोठे मामा मुंबई अग्निशमन दलात होते, भायखळ्याला. ड्युटीवरून आले की त्यांच्या मित्रांबरोबर ओटीवर जे बोलायचे, ते ऐकू नये म्हणून आजी आम्हाला आत बोलवायची. जळलेल्या माणसांवर, पडलेल्या शिड्यांवर, स्वतःच्या साहेबांवर, कशावरही. पण 14 एप्रिलला मामा दिवसभर बोलायचे नाहीत. 1944 मध्ये व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात आग विझवायला गेलेले 66 जवान गेले, तो हा दिवस. मामांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मी एकदा विचारलं, इतर दिवशी एवढं हसता, मग आज का नाही? म्हणाले, ‘अगं, हसतो ते उद्या परत आत जायचंय म्हणून. आज ते परत आले नाहीत त्यांचा दिवस आहे.’ मामांचं हे बोलणं मला तेव्हा अर्धंच समजलं. उरलेलं समजायला मला माझा मित्र जावा लागला.

आणि बाहेरच्यांचं हसणं? ते तर आपण मुंबईकर रोज करतो. गाडी मध्येच थांबते, पाच मिनिटं, दहा मिनिटं, आणि डब्यात कुणीतरी म्हणतं, ‘कटला वाटतं कुणीतरी.’ दुसरा म्हणतो, ‘ह्यांना पण पीक अवरच सापडतो मरायला.’ डबा हसतो. मीही हसले आहे. तो डबा दुष्ट माणसांनी भरलेला नसतो. मस्टर गाठायचंय, घाम आलाय, आणि रुळांवर काय आहे ते डोळ्यांपुढे आणायचं नाहीये. तेव्हा मला तुमच्यावर दगड मारायचा नाही. तुम्ही केलंत ते माणसं करतात. भीती वाटली की विनोद सुचतो, आणि उंचावरून पडण्याची भीती तर बहुतेकांच्या पोटात असतेच.

आता माझ्या मित्राबद्दल. तो गिरगावातला. माझ्याच बॅचला शिकलेला. चौतिसाव्या वर्षी परदेशातल्या एका ड्रॉप झोनवर गेला. पॅराशूट उत्तम उघडलं होतं. हे वाक्य मुद्दाम वेगळं लिहिते, कारण लोकांना वाटतं स्कायडायव्हर मेला म्हणजे पॅराशूट उघडलं नाही. आजकाल बरेच जण धडधडीत उघडलेल्या, निर्दोष पॅराशूटखाली जातात, शेवटच्या दीड-दोनशे फुटांत. तो खाली येत होता, वाऱ्याची दिशा बदललेली त्याला उशिरा दिसली. वारा पाठीशी घेऊन उतरलं तर जमिनीवरचा वेग वाढतो, म्हणून त्याने तोंड वाऱ्याकडे करायला एका बाजूची दोरी खाली खेचली. एक दोरी जोरात खेचली की पॅराशूट नुसतं वळत नाही, त्या बाजूला झुकून खाली सूर मारतं. वर हजार फुटांवर हे मजेचं असतं. खाली, इमारतीच्या उंचीवर असताना सावरायला जागाच उरत नाही. सरळ गेला असता, वारा पाठीशी असतानाही, तर फार तर घोटा मोडला असता. हे आम्ही दोघं मिळून विद्यार्थ्यांना शिकवायचो: खाली आल्यावर वळू नकोस, सरळ उतर, पाय मोडू दे. त्याच्या तोंडचं वाक्य होतं ते.

कुणीतरी जमिनीवरून चित्रण केलं होतं. ते पसरलं. खाली हिंदी, इंग्रजी, मराठी शेरे. ‘चायना माल.’ ‘पॅराशूट सेलमधून घेतलं होतं का?’ ‘ढगात गेला’ सुद्धा होतंच. त्याच्या धाकट्या बहिणीने ते रात्रभर वाचले. मी तिला म्हटलं, बंद कर तो फोन, दुष्ट असतात लोक. ती म्हणाली, ‘ताई, दुष्टपणाचं नाही गं काही. पण दादाचं पॅराशूट उघडलं होतं. सरळ दिसतंय. हे लोक बघतसुद्धा नाहीत.’ तेव्हापासून मला कुणी विचारलं की मेलेल्याचा अपमान म्हणजे काय, तर मला तिचं हे वाक्य आठवतं. त्याच्यावर हसले त्याहून, त्याच्याकडे न बघता हसले, ते तिला लागलं.

दहाव्याला बाणगंगेला होतो. सकाळची वेळ, पिंड मांडलेले, भटजी बाजूला उभे, आणि कावळा काही शिवेना. एक कावळा आला, पण उतरेना. तलावावर एक घिरटी घातली, मग लांबून आडवा गेला, मग आमच्याकडे तोंड केलं. माझ्या शेजारी आमचाच एक उडी मारणारा मित्र होता, बायकोने इस्त्री करून दिलेला पांढरा सदरा घालून. तो अगदी हळू पुटपुटला, ‘डाउनविंड... बेस... फायनल.’ आमच्या उतरण्याचे हे तीन टप्पे आहेत. हजार फुटांवर वाऱ्याबरोबर जायचं, सहाशेच्या सुमाराला आडवं वळायचं, तीनशेला वाऱ्याकडे तोंड करून सरळ यायचं. तो कावळा अगदी पुस्तकातल्यासारखा तसाच येत होता. आम्ही तिघं चौघं तोंडाला रुमाल लावून हसलो. हसू आवरेना, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते कशाचं ते कळत नव्हतं.

त्याच्या आईने, काकूंनी, बघितलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्यांनी विचारलं, ‘काय झालं?’ खोटं बोलायला सुचलं नाही, म्हणून सांगितलं. काय म्हणाला, त्याचा अर्थ काय, सगळं. काकू त्या कावळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मग घाई कशाला करताय त्याला? उतरू दे सावकाश.’ आणि हसल्या, आणि पदर तोंडाला लावला.

कावळा शिवला.

त्या दिवशीचा विनोद तुमच्या विनोदापेक्षा सौम्य नव्हता. एका आईसमोर, मुलाच्या पिंडापाशी, त्याच्या मरणाच्या नेमक्या कारणावर केलेला होता. तरी तो लागला नाही. का, ते मी बरेच दिवस शोधत होते. एक म्हणजे त्यातले शब्द त्याचे होते, तो रोज उच्चारायचा ते. दुसरं, त्यात जे घडलं ते बरोबर होतं. त्याचं उतरायचं चुकलं होतं, आणि त्याच्या मित्राने तेच तीन टप्पे नीट पूर्ण करून घेतले. आणि पुटपुटणारा स्वतः रडत होता. आत कोण, बाहेर कोण याच्याशी या तिन्हींचा संबंध नाही. तुम्ही कधीही विमानात बसला नसाल, पण त्याला ओळखत असता आणि त्या दिवशी तिथे उभे असता, तर तुम्हालाही ते म्हणता आलं असतं.

उलट आमच्यातलेही चुकतात. एकदा ड्रॉप झोनवर आदल्याच आठवड्यात एक मुलगी गेलेली. एका नावाजलेल्या इन्स्ट्रक्टरने नव्या बॅचसमोर तिच्यावर विनोद केला, ‘तिने गृहपाठ केला नव्हता.’ पोरं हसली. तो आतला होता, हजारो उड्यांचा. मी तिथल्या तिथे उभी राहिले आणि म्हटलं, तिने गृहपाठ केला होता, तिचं रिझर्व्ह उघडलं पण मेनच्या दोऱ्यांत अडकलं, आणि तिने मेन सोडलं का नाही याची चौकशी अजून चालू आहे. हसू थांबलं. दोन मुलांनी लगेच विचारलं, दोऱ्यांत अडकू नये म्हणून काय करायचं? मग तासभर तोच वर्ग झाला. त्याचा विनोद चालू राहिला असता तर हा प्रश्न आला नसता. मी विनोद यावरून जोखते: त्यानंतर ‘मग नक्की काय झालं?’ असं कुणाला विचारावंसं वाटतं, की विषयच मिटतो.

तुम्ही म्हणाल, मग बाहेरच्या माणसाने यावर हसायचंच नाही का? तसं नाही. पॅराशूटच्या दुकानातला जुना विनोद आहे, ‘नाही उघडलं तर परत आणा, बदलून देऊ.’ तो मला अजूनही आवडतो. दुकानदारावर आहे, आपल्या सगळ्यांच्या भीतीवर आहे, कुणाच्या शरीरावर नाही. काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून असतात. किती काळ लोटला. समोर कोण बसलंय. मेलेला माणूस नेमका कोण ते माहीत आहे का. आणि मुख्य म्हणजे तुम्ही जिथे बोललात ती जागा केवढी आहे. बाणगंगेवरचं वाक्य चार माणसांत पुटपुटलं गेलं आणि तिथेच संपलं. ऑफिसच्या ग्रुपवर किती माणसं? चाळीस? साठ? त्यातल्या कुणाच्या घरात काय घडलंय, हे तुम्हाला माहीत असणं शक्यच नाही. मुंबईत तर नाहीच. इथे प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी गाडीतून, गच्चीवरून, हंडीच्या थरावरून पडलेलं आहे. हंडीचंच बघा. गोविंदा पथकातली पोरं एकमेकांच्या मोडलेल्या हाडांवर वर्षभर विनोद करतात. पण पाचव्या थरावरून पडून गेलेल्या मुलाचा व्हिडिओ चाळीतल्या ग्रुपवर आला तर त्याखाली कुणी हसरा चेहरा टाकत नाही, कारण त्याची आई खालच्या मजल्यावर राहते हे सगळ्यांना ठाऊक असतं. व्हिडिओतल्या त्या स्कायडायव्हरची आईही कुठल्यातरी खालच्या मजल्यावर राहते. तुम्हाला फक्त तिचा पत्ता माहीत नव्हता.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: आम्ही हसतो तेव्हा त्या माणसाकडे बघत हसतो, कारण पुढचा नंबर आपला असू शकतो. तुमच्या वाक्यात तो माणूसच नव्हता. होता तो एक शब्द, ‘ढगात’. शब्द चांगला जुळला होता, हे मी मान्य करते. तो जुळला म्हणून तुम्ही लिहिला, आणि कुणीतरी खरंच मेलंय हे त्या क्षणी तुमच्या मनात नव्हतं. चुकलं ते तिथे.

आता दुसरा प्रश्न. मला हा जास्त महत्त्वाचा वाटतो.

तिला आधी मेसेज करा, थेट टेबलापाशी जाऊन उभे राहू नका. ऑफिसात सगळ्यांच्या देखत तिला रडू आलं तर ते तिला आणखी जड जाईल. मेसेज छोटा ठेवा. ‘त्या दिवशी ग्रुपवर मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. मी ते काढलं आहे आणि ग्रुपवर तसं सांगितलंही आहे. उत्तर द्यायची काही गरज नाही.’ एवढंच. आणि हे पाठवण्याआधी ते खरंच करा: शेरा काढा, व्हिडिओ ज्याने टाकला त्याला तो काढायला सांगा, आणि ग्रुपवर एका ओळीत लिहा की माझी चूक झाली. तिचं नाव, तिच्या भावाचा उल्लेख तिथे करू नका. तिने ते कुणाला सांगितलं असेल, कुणाला नसेल, ते तिचं आहे.

‘मला माहीत नव्हतं’ या वाक्याने सुरुवात करू नका. खरं असलं तरी. त्याचा अर्थ असा होतो की तुझा भाऊ नसता तर चाललं असतं. आणि तुमचा हेतू काय होता, तुम्ही किती अस्वस्थ आहात, रात्री झोप लागली नाही, हेही नको. ती तुमचं सांत्वन करायला बांधील नाही.

‘कसा गेला तो?’ हे तर अजिबात विचारू नका. मी वर म्हटलं की कसा गेला हे जाणून घेणं हाच मान. पण ते काम आमच्यासारख्यांचं आहे, उद्या ज्यांना उडी मारायची आहे त्यांचं. तिने ते शंभरदा सांगितलेलं असेल, पोलिसांना, वकिलांना, नातेवाइकांना. तुम्ही विचारलंत तर ती पुन्हा त्याच जागी जाऊन उभी राहील.

ती आपणहून बोलायला लागली तर मात्र ऐका, आणि विचारावंसं वाटलंच तर हे विचारा: किती उड्या झाल्या होत्या त्याच्या? आमच्यातला प्रत्येक जण उड्या मोजतो. लॉगबुकात दर उडीची नोंद असते, तारीख, उंची, विमान, दोन ओळी, खाली सही. घरच्यांना ते आकडे बहुधा पाठ असतात. माझ्या मित्राच्या 1,146 झाल्या होत्या. काकूंना आजही कुणी विचारलं की त्या पटकन सांगतात, आणि आकडा सांगताना त्यांचा आवाज वेगळा होतो. कसा गेला हे सांगताना त्यांचा मुलगा मेलेला असतो. किती उड्या हे सांगताना तो उडत असतो.

ती काहीच बोलली नाही, निळ्या दोन खुणा आल्या आणि पुढे काही नाही, तर तेही उत्तर आहे असं समजा. पुन्हा विषय काढू नका, कॉफी प्यायला बोलावू नका, कुणामार्फत निरोप पाठवू नका. लिफ्टमध्ये भेटली तर नेहमीसारखं बोला. ती ग्रुपमध्ये परत आली तर त्यावर काही म्हणू नका, आली नाही तरी म्हणू नका.

आणि तो व्हिडिओ तुमच्या फोनच्या गॅलरीत आपोआप उतरलेला असेल. तिला मेसेज पाठवण्याआधी तो तिथूनही काढून टाका.